दाराखालचा इंच

नव्या घरात पाऊल टाकलं की माणूस आधी माणसं बघतो, मग भिंती, मग पडदे. दोरेकाका आधी छत बघत. लग्नापूर्वी पहिल्यांदा काकूंच्या माहेरी गेले, तेव्हा तिथली हवेची जाळी तिरकी बसलेली होती म्हणून ते अर्धा तास वरच बघत राहिले. काकूंच्या आईला वाटलं, मुलगा फार देवभोळा आहे. वडिलांना वाटलं, मान आखडली असावी. खरं काय ते काकूंना लग्नानंतर आठ दिवसांनी कळलं, आणि तोवर उशीर झाला होता.

काका डक्टवाले. घराघरांतून गरम आणि गार हवा खेळवणारे पत्र्याचे चौकोनी बोगदे बनवायचे आणि छतात बसवायचे, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. तळहातावर पत्र्यानं इतक्या रेघा ओढल्या होत्या की हात बघणाऱ्यानं हात टेकले असते. खिशात वीतभर तांबडा दोरा कायम. तो जाळीपुढे धरायचा आणि हवा कुठून कुठं जाते ते बघायचं. कंपन्यांनी मीटर काढले, आकडे दाखवणारी यंत्रं काढली, पण काकांचा दोरा सुटला नाही. त्यांचं खरं आडनाव आता फक्त वीजबिलावर उरलं होतं.

त्यांचं शास्त्र साधं होतं. यंत्र हवा तापवतं आणि पत्र्याच्या एका मोठ्या पेटीत लोटतं. तिला प्लेनम म्हणतात, काका नुसतं पेटी म्हणत. पातेल्यातून ताटांत वाढावं तशी त्या पेटीतून फाट्याफाट्यांनी हवा खोल्यांत जाते. इथवर सगळ्यांना कळतं. पण जेवढी वाढली तेवढी परत आली पाहिजे, तरच यंत्र ती पुन्हा तापवणार, हे कुणाच्या डोक्यात शिरत नाही. परतीच्या हवेची दुसरी पेटी असते, तिची जाळी बहुधा दिवाणखान्यात, जमिनीलगत. आणि लोक हटकून तिच्यापुढेच कपाट ठेवतात.

"श्वास नुसता आत घ्या, सोडू नका," काका गिऱ्हाइकाला सांगत. "बघू किती वेळ टिकता." एका हेडमास्तरांनी पैजेवर करून दाखवलं. लालबुंद झाले, पण कपाट तसूभर हलवलं नाही.

तर अशा माणसाची एकुलती एक लेक सासरी गेली, आणि पाचच महिन्यांत एका शनिवारी तिचा आईला फोन आला. आम्ही वेगळं घर बघितलंय, सोमवारी होकार कळवायचाय. कारण काय, तर दार. लेकीनं आपल्या खोलीचं दार लावलं की सासूबाई म्हणत, "लावलंस? झालं, माझे पाय गार पडले." रोज. पाहुण्यांसमोरसुद्धा. जावई आधी हसत होता, मग वैतागला, मग दोघींच्या मध्ये पडून दोघींचं ऐकून घेऊ लागला. सासूबाई एरवी वाईट नव्हत्या, लेकच म्हणाली. पण नवऱ्यामागे एकटीनं वाढवलेला मुलगा, त्यामुळे सून दार लावते हे त्यांना सोसत नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. डॉक्टरांनी त्यांना मन शांत करायच्या गोळ्यासुद्धा दिल्या होत्या.

"उद्या जाऊन दोघींना समजवू," काकू म्हणाल्या, आणि नवऱ्याला अटी घातल्या. "विहीणबाईंच्या घरात वर बघायचं नाही. जाळी हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आणि तो दोरा इकडे द्या." काकांनी मुकाट्यानं दोरा दिला. काकूंनी बाकीचे खिसेही चाचपले. गाडीची डिकी मात्र तपासली नाही, आणि तिथे करवत नाही असा दिवस काकांच्या आयुष्यात उगवला नव्हता.

रविवारी दुपारी मंडळी जमली. बाहेर कडाक्याची थंडी. विहीणबाई आपल्या खुर्चीत, पाय शालीत गुंडाळलेले. लेक आपल्या खोलीत, दार बंद. जावई मधे उभा, दोन्हीकडे सारखंच अंतर राखून. काकू गोड आवाजात बोलायला लागल्या, "अहो, लहान आहे ती, सांभाळून घ्या," आणि विहीणबाईंनी शांतपणे सांगितलं, "तिच्यावर माझा राग नाही हो. माझे पाय गार पडतात, एवढंच म्हणणं आहे माझं."

जावयानं नजरेनंच काकूंना सांगितलं, बघा, हे असं.

काका वर बघू शकत नव्हते. मानेचा जन्माचा सराव वरचा, ती आवरताना त्यांना घाम फुटला. शेवटी त्यांनी नजर जमिनीला खिळवली, आणि जमिनीकडे ते आयुष्यात पहिल्यांदाच नीट बघत होते. विहीणबाईंच्या खुर्चीच्या एका अंगाला बाहेरचं दार. दुसऱ्या अंगाला, भिंतीत खाली, ती. तो शब्द काढायचा नव्हता. काकांची नजर पुढे सरकत लेकीच्या खोलीच्या दारापाशी गेली आणि तिथेच अडकली.

दाराखाली फटच नव्हती. जाड, लुसलुशीत गालिचा आतून थेट उंबऱ्यापर्यंत आलेला, आणि दार त्यात रुतून बसलेलं. गालिचा काकांच्या ओळखीचा होता. पोरीचे पाय थंडीत गारठू नयेत म्हणून लग्नात त्यांनी स्वतः दुकानात जाऊन सगळ्यांत जाड निवडला होता आणि खोलीच्या मापानं कापून आणला होता. आपलेच दात, आपलेच ओठ.

ते खाली बसले. मग गुडघ्यांवर आले. मग सरळ पोटावर आडवे झाले.

"अहो!" काकूंच्या आवाजातला गोडवा संपला.

काकांनी उंबऱ्याशी डोकावणारी गालिच्याची एक दशी उपटली आणि रांगत जाऊन बाहेरच्या दाराच्या फटीपाशी धरली. दशी आडवी होऊन आत फडफडू लागली, थेट विहीणबाईंच्या पायांकडे. "बाळ, दार उघड गं," ते ओरडले. लेकीनं खोलीचं दार उघडलं. दशी हळूहळू लोंबली. "लाव." पुन्हा फडफड. "उघड." लोंबली.

"बाबांना काय झालंय?" लेकीनं विचारलं.

"काही नाही, धंदा," काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या.

काका उठले, गुडघे झटकले आणि विहीणबाईंपुढे अपराध्यासारखे उभे राहिले. "विहीणबाई, तुमचे पाय खरंच गार पडतात. तिनं दार लावलं की त्याच घटकेला पडतात."

काकांनी बोटानं आधी लेकीचं दार दाखवलं, मग बाहेरचं.

"तिच्या खोलीत गरम हवा जाते, ती दाराखालून परत यायची. माझ्या गालिच्यानं ती वाट बुजवली. इकडे यंत्राला हवा तर हवीच. मग ते बाहेरच्या दाराच्या फटीतून थंड हवा ओढतं, आणि ती तुमच्या पायांवरून जाते. हिच्या खोलीतही मग धड ऊब येत नसणार."

"नाहीच येत," लेक म्हणाली. "असलेली तरी बाहेर जाऊ नये म्हणून तर मी दार लावते!"

विहीणबाईंचे डोळे भरून आले. "पाच महिने सांगतेय," त्या म्हणाल्या. "पोटच्या पोरानं वेड्यात काढलं. गोळ्या घेतल्या. शेवटी मलाच वाटायला लागलं, माझंच मन खोटं असेल. त्या पोरीचं सुख मला बघवत नसेल." पदरानं डोळे टिपून त्या काकांकडे वळल्या. "माझं बोलणं खरं मानणारे तुम्ही पहिले."

जावई खाली बघत होता. त्याला खाली बघायला आता कारण होतं.

लेक दारातून पुढे आली. "मला वाटायचं तुम्ही टोमणा मारताय, आई."

"टोमणा मारायचा असता तर पायांवर कशाला थांबले असते?" विहीणबाई म्हणाल्या, आणि रडता रडता दोघींना हसू फुटलं.

काकांना असल्या प्रसंगी कुठे बघावं कळत नसे. ते डिकीतून करवत घेऊन आले. गालिचा काढून टाका, असं जावई म्हणाला, पण लेक म्हणाली बाबांचा गालिचा राहील. मग जावयानं दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, काकांनी खालून इंचभर कापलं, आणि काकू भुसा गोळा करत स्वतःशी म्हणत होत्या, "लोक लेकीच्या सासरी काय काय घेऊन जातात. आमचे हे करवत घेऊन आले."

दार परत चढवलं. लेक आत गेली आणि तिनं ते लावलं. बाहेर तिघं जणं विहीणबाईंच्या पायांकडे टक लावून बसली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. विहीणबाईंनी शाल बाजूला केली, अंगठे हलवून पाहिले आणि दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "लाव गं खुशाल. आत नाच म्हटलं तरी चालेल."

निघताना काकू नवऱ्याला म्हणाल्या, "बघा आता वर, किती वेळ तळमळताय." काकांनी वर पाहिलं. जाळी बोटभर तिरकी होती. ते चाळीस वर्षांत पहिल्यांदा गप्प बसले.

सोमवारी वेगळ्या घराला नकार गेला. पुढच्या रविवारी काकांनी लेकीला मुद्दाम फोन केला. "दाराचं काय? लावलं की हवा नीट येते ना परत?"

"काय माहीत, बाबा," लेक म्हणाली. "लावतच नाही आता. आई येऊन बसतात ना गप्पा मारायला."

काका भडकले. चांगल्या दाराचा इंच फुकट गेला म्हणून ते दोन दिवस चडफडत होते, आणि त्या दोन दिवसांत भेटेल त्या गिऱ्हाइकाला थांबवून तो किती फुकट गेला ते सांगत होते.