रंग सोडणारी जीन्स

चिखलीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा तो लातूरकडचा गडी. नवी, कडक जीन्स आणली की आधी बादलीत मीठ घालून भिजवतो. मग ओलीच पायात चढवून गच्चीवर उन्हात येरझाऱ्या घालतो. "अंगावर वाळली की अंगाची होते, राव," हे त्याचं ठरलेलं. धुताना निळं पाणी यायचं थांबेपर्यंत तो कंपनीच्या बसमध्येसुद्धा उभाच राहतो.

मुलगी बघायला जाताना त्यानं मला सोबत नेलं. ओव्हरटाइमच्या गडबडीत नवी जीन्स एकदाच भिजली होती. नेमका त्यांच्याकडे पांढराशुभ्र सोफा. मी बसलो, हा उभाच. मुलीचे वडील "बसा की" म्हणत राहिले आणि हा नुसता "असू द्या." वडिलांचा चेहरा उतरला. मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होतो. शेवटी खाली मान घालून तो म्हणाला, "जीन्स अजून रंग सोडतीय. सोफा खराब होईल."

पोहे घेऊन आलेल्या मुलीनं ट्रे माझ्या हातात दिला, आतून एक जुनी गोधडी आणली आणि सोफ्यावर पसरली.

"बसा आता."

लग्नानंतर माहेरहून तिनं ती गोधडी मागून आणली. वरच्या गॅलरीत वाळत असते. निळा डाग अजून तसाच आहे.