बाकांच्या पायांना चेंडू

मला गोंगाटाचं वावडं नाही. लालबागमध्येच जन्मले, इथल्याच मराठी शाळेत शिकले आणि आता त्याच शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. माझा आवाजही इथलाच. दुसऱ्या मजल्यावर मी पाढे सुरू केले की समोरच्या चाळीतल्या बायका गॅलरीत डाळ निवडता निवडता पुढचा आकडा म्हणतात. तुमच्यामुळे आमचेपण पाढे पक्के झाले बाई, असं त्यांनी मला भाजीवाल्यासमोर ऐकवलेलं आहे.

म्हणूनच यंदा शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात मी माझ्या वर्गातला आवाज कमी करायला निघाले, तेव्हा शिक्षकखोलीत हशा पिकला. पहिलीच्या बाईंनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला राग आला की मी बोलत नाही, काम करते. बोलायला लागले तर फार बोलते, हा पूर्वानुभव आहे.

कारण होतं एक मुलगी. करी रोडच्या चाळीतली, सात वर्षांची. पहिलीचं अख्खं वर्ष तिने वर्गाबाहेरच्या जिन्यावर काढलं होतं. वर्गात बसवली की ती दोन्ही कानांवर हात घट्ट दाबायची, मग बाकाखाली जायची आणि शेवटी जिन्यावर. तिथे आईच्या ओढणीचा तुकडा बोटांना गुंडाळत शाळा सुटेपर्यंत बसून राहायची. शाळेत तिने तोंडातून एक शब्द काढला नव्हता. घरी मात्र खूप बोलते, असं आई सांगायची. डॉक्टरांनी कान तपासले होते. कान उत्तम होते. उलट तिला सगळंच जास्त ऐकू यायचं, आणि ते टोचायचं.

मे महिन्यात मी मसाला कुटून घ्यायला गेले होते, तिथे तिची आई भेटली. डंकाचा दणदणाट चाललेला, नाकातोंडात मिरची गेलेली, दोघींचे डोळे वाहत होते. त्यामुळे ती रडते आहे हे मला जरा उशिराच कळलं.

"बाई, ती आता तुमच्या वर्गात येणार ना?" ती म्हणाली. "हे म्हणतात, जूनचा महिना बघूया. नाय जमलं तर गावाला ठेवू, मोठ्या जाऊबाईंकडे. तिथे शांत असतं. पण बाई, मला तिला नाय पाठवायची. मी इथे आणि ती तिथे, मी कशी राहू सांगा ना."

मी तिला काहीच कबूल केलं नाही. मसाल्याची पिशवी घेतली आणि घरी आले. पण त्या दिवशी मसाला डब्यात भरताना सारखं मनात येत होतं की एका मुलीला आईपासून तोडायला आपल्या बाकांचा खडखडाट कारण होतोय. मला भयंकर चीड आली, आणि नेमकी कुणाची ते ठरवता येईना.

तर बाकांपासूनच सुरुवात केली. आमची बाकं लोखंडी पायांची. एक पोर हललं तरी फरशीवर अशी किंचाळतात की माझ्याही दातांना कळ येते. आमच्या शिपाईमामांना मी म्हटलं, यांच्या पायांना काहीतरी घालायला हवं. मामा गच्चीवर गेले आणि एक पोतं ओढत घेऊन आले. आजूबाजूच्या चाळीतल्या क्रिकेटचे चेंडू वर्षानुवर्षं आमच्या गच्चीवर येऊन पडतात. मुलं मागायला येतात, मामा ओरडून पळवून लावतात आणि चेंडू पोत्यात जातात. टेनिसचे चेंडू, केस झडलेले, मऊ पडलेले. आम्ही एकेकाला चीर दिली आणि बाकांच्या पायांत घातले. दोन दिवस आमचं तेच चाललं होतं. हिरव्या बुटांतली बाकं बघून मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, दारातच थांबल्या. "सर्कस आणलीय का?" त्यांनी विचारलं. मी एक बाक ढकलून दाखवलं. ते गुपचूप सरकलं. बाईंनी स्वतः ढकलून पाहिलं, मग आणखी एकदा, आणि निघून गेल्या.

पुढे पंख्याची कुरकुर तेल घालून थांबवली. खिडकीला माझ्या जुन्या सुती साड्यांचे पडदे शिवले. भिंतीवर दरवर्षी मीच हौसेने चिकटवलेले चमचमते कागद, फुगे, पताका सगळं काढून टाकलं. फक्त फळ्याशेजारी दिवसभरात काय काय करायचं त्याची चित्रं लावली : प्रार्थना, गणित, डबा, खेळ, घर. मागच्या कोपऱ्यात एक गोधडी अंथरली आणि कपाट आडवं लावून त्याचा आडोसा केला. शाळेची घंटा नेमकी माझ्या दाराशी होती, ती मामांनी दुसऱ्या टोकाला नेऊन टांगली.

शाळा उघडायच्या आधी एका दुपारी मी आईला म्हटलं, तिला नुसती घेऊन या. मुलगी आली. दारात बराच वेळ उभी राहिली. मग आत येऊन तिने बाक ढकललं. थांबली. पुन्हा ढकललं. वाकून पायांतले चेंडू पाहिले आणि एकाला बोट लावलं. मग कोपऱ्यातल्या गोधडीवर जाऊन बसली, आणि तिच्या कानांवर हात नव्हते. आईने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तो दुखत होता.

राहता राहिला पहिला दिवस. आमच्याकडे पहिल्या दिवशी मुलांचं स्वागत ढोलताशांनी होतं. मागच्या चाळीतलं पथक फाटकाशी उभं राहून वाजवतं, मुलांना ओवाळतात, लाडू देतात. मी शिक्षकांच्या सभेत म्हटलं, यंदा ढोल नको. "लालबागमध्ये ढोलाशिवाय शुभकार्य?" पहिलीच्या बाई म्हणाल्या. माझी त्यांच्याशी चांगलीच जुंपली. शेवटी मोठ्या बाईंनी ठरवलं, फुलं आणि लाडू, बस्स.

आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून एक मूर्खपणा केला. पथकाला हे सांगितलंच नाही. कुणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण पथकाला आम्ही कधी बोलावलेलंच नव्हतं. ते आपले येतात. शाळा त्यांचीच आहे.

पहिल्या दिवशी मी फाटकाशी फुलांचं ताट घेऊन उभी होते. मुलगी आईचं बोट धरून कोपऱ्यावरून वळली. नवीन दप्तर, घट्ट वेण्या. मला पाहून ती चक्क जरा भरभर चालायला लागली. तेवढ्यात मागच्या गल्लीतून पथक फाटकाशी आलं आणि पहिला ठोका पडला. मागून पन्नासेक ढोल एकदम सुटले.

मुलगी होती तिथेच भिंतीला चिकटून खाली बसली. कानांवर हात, डोकं गुडघ्यांत. आई तिच्यावर वाकली. मी ताट कुणाच्या तरी हातात कोंबलं आणि ओरडत धावले. "थांबवा! अरे बंद करा!" माझा आवाज, ज्याने अख्ख्या चाळीला पाढे शिकवले, तो मलाच ऐकू येईना. वाजवणारी पोरं माझ्याकडे बघून हसत आणखी जोरात वाजवू लागली. बाई खूश झाल्या, असंच त्यांना वाटलं.

तेव्हा मला आठवलं. विसर्जनाच्या मिरवणुकीत परळच्या हॉस्पिटलांपाशी आलं की पुढचा माणूस उघडा तळहात उंच धरतो. कितीही रंगात आलेलं असो, तो हात वर गेला की सगळं थांबतं, आणि ढोल तसेच कमरेला घेऊन माणसं मुकाट चालत जातात. इथलं शेंबडं पोरही ती खूण ओळखतं. मी पथकाच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि हात वर केला.

एका ठोक्यात सगळं थांबलं.

पथक चालवणारी माझीच जुनी विद्यार्थिनी. घामाघूम होऊन पुढे आली. "काय झालं बाई? कोण आजारी आहे?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं. तिने बघितलं, आणि मला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिने स्वतःचाही तळहात वर धरला, मागे वळून नुसतं "हॉस्पिटल" म्हणाली, आणि ते सगळं पथक ढोलांवर हात दाबून, पावलं न वाजवता आमच्यासमोरून गल्लीत निघून गेलं. मुलीचे हात कानांवरच होते, पण डोकं वर आलं होतं. ती त्या वर धरलेल्या हाताकडे पाहत होती.

"राहू द्या बाई," आई म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "घरी नेते. नाय जमायचं हे."

"वर तर चला," मी म्हटलं. "जिन्यावर बसा तुम्ही. मग बघू."

आई जिन्यावर बसली, बरोबर लेकीच्याच पायरीवर. मुलगी आत येऊन कपाटामागच्या गोधडीवर गेली. पहिला तास बरा गेला. दुसऱ्यात एका पोराने दुसऱ्याच्या दप्तरात पाण्याची बाटली उपडी केली, त्याने याच्या डोक्यात पट्टी घातली, सगळा वर्ग उठून बघायला धावला. आणि माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटला आणि माझ्या खास आवाजात जे सुरू केलं ते समोरच्या चाळीत नक्की पोचलं असणार.

कपाटामागून मुलगी बाहेर आली. मला वाटलं, चालली जिन्यावर. मी बोलायची थांबले मात्र नाही, सुटलेली गाडी होती ती. पण ती दाराकडे गेलीच नाही. सगळ्यांच्या मधून चालत माझ्यासमोर आली, एक हात कानावर ठेवला, आणि दुसरा तळहात उंच धरला.

सगळा वर्ग गप्प झाला. लालबागची पोरं ती, त्यांना शिकवावं लागत नाही. शेवटी आवाज उरला तो माझ्या एकटीचाच, आणि मग तोही थांबला. बाकांना चेंडू घातले, पंखा दुरुस्त केला, घंटा हलवली, आणि सगळ्यात मोठा ढोल मी स्वतःच्या गळ्यात तसाच ठेवला होता. मला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं.

एवढी शांतता ऐकून आई घाबरून दारात आली. मी तिला हातानेच म्हटलं, थांबा. मग मुलीपुढे वाकले आणि अगदी हळू विचारलं, "आता चालू करू का?"

तिने थोडा विचार केला. हात खाली घेतला.

"करा," ती म्हणाली. "पण हळू."

मी हळू सुरू केलं. थोड्या वेळाने दाराकडे पाहिलं, तर आई आपल्या चपला हातात घेऊन, आवाज न करता, जिना उतरत होती. ती पायरी रिकामी होती.