नकाराचा रकाना

"आंघोळ करी वनी का नही वं?"

मी आंघोळ करून आले का, हे सिस्टरने विचारले तेव्हा मी दवाखान्याच्या टेबलावर होते. पाय वर, लुगडे कमरेपर्यंत. दार सताड उघडे. बाहेर बाकावर औषधाच्या रांगेतले पुरुष.

मी म्हणाले, "सिस्टर, पडदा."

"नदीवर आंघोळ करतीस तव्हा कोण पडदा लावस?"

डॉक्टर हसले. हसतच त्यांनी तपासले.

मी आमच्या पाड्याची आशा कार्यकर्ती. धडगावच्याही वरून अकरा बायका जीपने मीच आणल्या होत्या, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या तपासणीला. त्यांची भीती जावी म्हणून आधी मी टेबलावर चढले. सगळे त्या बायकांनी उघड्या दारातून बघितले. मी बाहेर आले तेव्हा अकराही जणी जीपमध्ये जाऊन बसल्या होत्या. त्यांच्यातली माझी नणंद रुमली आमच्या बोलीत म्हणाली, "भाबी, तू शिकलेली. तुझं असं, तर आमचं काय?"

सिस्टरने रजिस्टर पुढे केले. शेवटचा रकाना रिकामा होता. "लिही, नकार." मी लिहिले. प्रत्येक नावासमोर, सुवाच्य अक्षरात. याद्या करणे हेच माझे काम. गरोदर बायांची यादी, लसीची यादी, जुलाबाच्या पोरांची यादी. माझ्या अक्षराचे तालुक्याचे आरोग्य साहेब कौतुक करत. त्या दिवशीही मी कागद नीट भरला. खोटा, पण नीट.

चार वर्षे गेली. यंदा आशांच्या बैठकीत त्याच तपासणीचे नवीन किट आले. एक मऊ ब्रश, एक नळी. बाईने घरी, दार लावून, आपल्या हाताने नमुना घ्यायचा. नळी आम्ही पोचवायची.

साहेब म्हणाले, "यांच्या बायकांना ती काडी कुठं घालायची हे तरी कळेल का?"

सभागृह हसले. माझ्या शेजारच्या आशाही हसल्या, मान खाली घालून.

"आणि आधी नकार दिलेल्यांवर किट वाया घालवू नका," म्हणत साहेबांनी जुने रजिस्टर उघडले आणि माझ्या पाड्याची नावे वाचली. अकराही. अक्षर माझे होते.

मी उठले.

"साहेब, त्यांनी नकार दिला नाही. तिथे पडदा नव्हता."

"बाई, खाली बसा."

"बसत नाही. या बायांनी एकमेकींची बाळंतपणं केलीत. स्वतःचं अंग त्यांना तुम्ही शिकवणार?"

मी पुढे गेले. रजिस्टर ओढले. एकेका 'नकार'वर रेघ मारली, शेजारी लिहिले : पडदा नव्हता. अकरा वेळा. खाली सही केली.

"सरकारी रजिस्टर आहे ते! नोटीस काढीन!"

"काढा. नोटिशीत कारण लिहा, पडदा नव्हता."

टेबलावरचे अकरा किट पिशवीत टाकले आणि निघाले. कोणी अडवले नाही.

पाड्यावर एकेक बाई आपल्या घरात गेली, दार लावले, नमुना घेऊन आली. रुमलीने नळी माझ्या हातात दिली आणि बघतच राहिली. "एवढंच होतं? एवढ्यासाठी तुला उघडं पाडलं?"

मी नळीवर तिचे नाव लिहिले.

दहा जणींचे रिपोर्ट ठीक आले. रुमलीच्यात हा कॅन्सर घडवणारा विषाणू निघाला. म्हणजे कॅन्सरच झाला असे नाही, पण डॉक्टरांनी आतून बघायलाच हवे. तोच दवाखाना. तेच टेबल. रुमली म्हणते, "मरेन, पण तिथं नाही."

ती मरणार नाही. मंगळवारी मी तिला नेते आहे. पिशवीची यादी केली : रिपोर्ट, आधार कार्ड, भाकरी, पाणी. माझे जुने जाड लुगडे. सुतळी, चार खिळे, हातोडी.

आधी पडदा ठोकीन. मग रुमली टेबलावर चढेल. ती उतरेपर्यंत मी दारातून हलणार नाही. जो हसेल त्याचे नाव विचारीन आणि त्याच रजिस्टरात लिहीन, हुद्द्यासकट.

माझे अक्षर चांगले आहे. सगळ्यांना वाचता येते.