स्टुटगार्टहून येणारा डबा

लग्नानंतर आम्ही लंडनच्या इल्फर्ड भागात घर घेतलं, त्या पहिल्याच डिसेंबरात डबा आला. पत्र्याचा, चौकोनी, तपकिरी कागदात बांधलेला. मागच्या बाजूला एक आडनाव आणि स्टुटगार्टचा पत्ता. आत पांढरी, जाड बिस्किटं, प्रत्येकावर साच्याने उठवलेलं चित्र: कुठे पक्षी, कुठे फूल. दातांना सहज दाद देत नव्हती. वास बडीशेपेचा.

"कुणी पाठवली?"

"जुन्या घरमालकिणीने," नवरा म्हणाला. लंडनची बदली मिळण्याआधी तो कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं तिकडे होता.

पुढच्या डिसेंबरात पुन्हा डबा आला. त्याच्या पुढच्याही. मी लग्नाआधी पुण्यात वृत्तपत्राच्या डेस्कवर काम केलं होतं. एकाच माणसाच्या सांगण्यावर बातमी सोडायची नाही, हे तिथे अंगात मुरलेलं. शिवाय घरमालक ही जमात मला माहीत होती. आमच्या आधीच्या घरमालकाने बिघडलेला बॉयलर नुसता बघायला यायलासुद्धा आम्हाला आठवडाभर ताटकळत ठेवलं होतं. भाडेकरू निघून गेल्यावर त्याला दरवर्षी फराळ कोण पाठवतं?

डबा घरी बनवलेल्या बिस्किटांचा आहे की दुकानातल्या, हे आधी ठरवायचं होतं. लायब्ररीत जर्मन पदार्थांचं एक पुस्तक मिळालं. त्यात याच बिस्किटांचं चित्र होतं. कृती वाचताना माझा संशय वाढत गेला. अंडी आणि साखर हात भरून येईपर्यंत फेटायची. पीठ लाटून त्यावर लाकडी साचा दाबायचा. मग एकेक चौकोन कापून रात्रभर वाळत ठेवायचा, दुसऱ्या दिवशी मंद आचेवर भाजायचा. एवढं करून ती लगेच खायची नाहीत; मऊ पडेपर्यंत काही आठवडे डब्यात ठेवायची. म्हणजे डिसेंबरात पोचणाऱ्या डब्याची तयारी नोव्हेंबरातच सुरू होत असणार. एवढे कष्ट कुणी कुणासाठी घेतं, याची यादी माझ्या मते फार छोटी होती.

मी एका शनिवारी ती करायला घेतली. साचा नव्हता, चकलीच्या सोऱ्यातली चांदणीची चकती दाबली. पुस्तकातलं ॲनिस, बडीशेपेसारख्या वासाचं बारीक बी, मिळालं नाही, म्हणून इल्फर्ड लेनवरच्या दुकानातली बडीशेप घातली. रात्री ट्रे ओट्यावर ठेवले आणि त्यावर ओलं फडकं टाकलं. अन्न रात्रभर उघडं ठेवायचं, हे माझ्या हातांना जमेना.

रविवारी दुपारी नवऱ्याने एक बिस्किट उचललं, उलटं करून पाहिलं, मग चावलं.

"ही बडीशेप आहे. ॲनिस वेगळं. आणि पाय कुठेत?"

"कसले पाय?"

"झाकलीस ना रात्री? उघडी ठेवायची असतात. वरून कोरडी झाली की वरचा भाग फुगत नाही, खालूनच उचलला जातो. त्याला पाय म्हणतात. पाय आले नाहीत म्हणजे फसली."

ज्या माणसाला मिठाचा डबा कुठे आहे ते दर वेळी विचारावं लागायचं, तो हे बोलत होता.

"तू त्या स्वयंपाकघरात उभा राहिला होतास," मी म्हटलं.

"साचा दाबायला लावायची ती मला. माझे हात जड म्हणून."

"ती म्हणजे?"

"घरमालकीण. साठीची बाई आहे गं!"

"आणि घरात दुसरं कोण होतं?"

त्याने उरलेलं बिस्किट ट्रेमध्ये ठेवलं. मी पुढचं काही विचारलं नाही. गप्प बसलं की समोरचा बोलतो, हेही डेस्कवरच शिकले होते.

"तिची मुलगी," तो म्हणाला. "मी मागणी घातली होती. नाही म्हणाली. झालं समाधान?"

"काय म्हणाली नक्की?"

"मला काही नाही म्हणाली. आईने सांगितलं, तिची इच्छा नाही म्हणून."

"म्हणजे तू मुलीला विचारलंच नाहीस?"

"आधी मोठ्यांना विचारतात ना!"

"जर्मनीत?"

"मला काय माहीत जर्मनीत काय करतात! आपल्याकडे तेच करतात."

मला हसू येत होतं आणि हसायचं नव्हतं. नकार पचवलेल्या माणसाला नकार देणाऱ्यांकडून दरवर्षी डबा येतो, हे अजूनही जुळत नव्हतं. फोन नंबर आहे का, विचारलं. "आहे," तो म्हणाला, जरा लवकरच. पॅसेजमध्ये जाऊन त्याने स्वतः नंबर लावला, रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि भांडी घासायला आत गेला.

बाईंचं इंग्रजी सावकाश होतं. मी डब्यांबद्दल आभार मानले, माझी बिस्किटं फसल्याचं सांगितलं. त्या हसल्या. मग मी सरळ विचारलं, "तुम्ही दरवर्षी का पाठवता?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"त्याने मला विचारलं तेव्हा मी पीठ लाटत होते," त्या म्हणाल्या. "मी नाही म्हटलं. मुलीला विचारलंच नाही. ती एकुलती एक आहे. भारत किती लांब आहे, तुम्हालाच माहीत."

"तिला कधी कळलं?"

"कधीच नाही. ती हॅम्बुर्गला असते, नवरा आहे, दोन मुलं आहेत. ती तेव्हा काय म्हणाली असती, मला माहीत नाही. मला ते कळायला नको होतं." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही त्याला सांगणार?"

तुमची तब्येत सांभाळा, एवढंच मी म्हणाले आणि फोन ठेवला.

तो सिंकपाशी होता. नळ बंद होता. कधीपासून, ते मला ठरवता आलं नाही. पण माझी बाजूच त्याला ऐकू आली असणार, आणि मी फारसं बोलले नव्हते.

"काय म्हणाली?"

"तुझे हात जड होते म्हणाल्या."

"आणि मुलीचं काही?"

"हॅम्बुर्गला असते. दोन मुलं आहेत."

माझं हे उत्तर खरं होतं, हातांचं नव्हतं.

"एवढंच? इतका वेळ?"

"म्हाताऱ्या आहेत. सावकाश बोलतात."

त्याने मान हलवली, पण नजर हटवली नाही. इतकी वर्षं मी डब्याकडे ज्या नजरेने पाहत आले होते, त्या नजरेने तो माझ्याकडे पाहत होता.