नवव्या गाण्यातला ‘या’

माझा धंदा काय म्हणून कुणी विचारलं की मी ‘गाण्यांचा कुरिअरवाला’ असं सांगतो. भजनी मंडळं, कोळीगीतांच्या कॅसेटी काढणारे जुने दुकानदार, कोकणातले शक्ती-तुऱ्याचे शाहीर, घरात बसून गाणी करणारे हौशी, अशांची गाणी मी फॉर्म भरून एका वितरण कंपनीकडे पाठवतो आणि तिथून ती सगळ्या अ‍ॅपवर जातात. बोरिवलीच्या घराची काचा लावून बंद केलेली गॅलरी हे माझं ऑफिस. गाण्याचं नाव, गायकाचं नाव, भाषा, आवृत्ती, कव्हरचा फोटो. एक स्पेलिंग चुकलं तर जिवंत बाईची गाणी कुठल्यातरी मेलेल्या बुवाच्या पानावर जाऊन बसतात. इतकी वर्षं हे करून माझा स्वभावच फॉर्मसारखा झालाय असं बायको म्हणते. जे रकान्यात बसत नाही ते मला दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी गोराईची एक धवलारीण माझ्याकडे आली, म्हणजे मीच बोटीनं खाडी ओलांडून तिच्याकडे गेलो. कोळ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हणणारी ही बाई. भटजी उशिरा आला तर चालतं, धवलारणीशिवाय मांडवाचं पान हलत नाही. तिचा आवाज बसत चालला होता, आणि गळा पुरता मिटायच्या आत सगळं रेकॉर्ड करून ठेवावं असं तिच्या सुनेला वाटत होतं. पंखा बंद करून, खिडक्यांना गोधड्या लावून आम्ही तिच्या पुढच्या खोलीत नऊ गाणी घेतली. तिची अट एकच होती.

“पयलं नि शेवटचं, दोनी घाल. बोलवलं त पाठवाला पन पायजे.”

मी मान डोलावली. गिऱ्हाइकांच्या अटींना मी अशीच मान डोलावतो.

पहिल्या गाण्यात ती देवांना मांडवात बोलावते. मग त्या घरातल्या मेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. तिथे येऊन ती थांबली.

“नावं कनाची घेव?”

“कुणाचीही घ्या मावशी. रेकॉर्डिंगच तर आहे.”

तिनं चष्मा काढला. “कनाची पन कशी घेव, बाला? ते येतात.”

मग मी माझ्या वडिलांचं नाव दिलं. त्यांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. खरं सांगायचं तर थोडं गमतीनंच दिलं, कारण आमंत्रण हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. गिरणीत आयुष्य गेलं, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी केली, पण बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात पाय ठेवला नाही. आणि एकदा गेले की नीट निरोप घेतल्याशिवाय उठायचे नाहीत. आपल्यात ‘जातो’ कुणी म्हणत नाही. ‘येतो’ म्हणायचं आणि घरच्यांनी ‘या’ म्हणायचं. आमच्या मालवणी घरात ‘येतंय’ आणि ‘येवा’. एकदा घाटकोपरला एका नातेवाइकाकडे हे ‘येतंय’ म्हणाले आणि घरची मंडळी मॅच बघण्यात गुंग. वडील पुन्हा खुर्चीत बसले ते मॅच संपेपर्यंत. घरी आल्यावर आई चिडली, तर म्हणाले, “तेंनी ‘येवा’ म्हणूक नको? तसोच कसो उठतलंय?” ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक बारशाला सांगून झालेली आहे.

तर धवलारणीनं वडिलांचं नाव घेतलं, गावाचं नाव घेतलं, आणि ‘या’ म्हणाली. मी मशीनच्या काट्याकडे बघत राहिलो.

तुळशीची लग्नं होऊन गेली होती. लग्नसराईच्या आत गाणी बाहेर यायला हवी होती आणि मी घाईत होतो. नऊ गाणी चढवल्यावर कंपनीच्या यंत्रणेनं लाल अक्षरांत सांगितलं की पहिला आणि नववा ट्रॅक एकच आहे, एक काढा. मी दोन्ही लावून ऐकले. चाल तीच, तेच देव, वडिलांचं नाव तेच. शेवटी ‘या’, तोही तोच. म्हातारीनं एकच गाणं दोनदा म्हटलंय, असं मला वाटलं. मी नववं काढून टाकलं आणि तिला फोन केला.

“मावशी, गाणी टाकली.”

“टाकली? कुटं टाकली?”

मी हसलो, अपलोड केली असं समजावून सांगितलं. दोनी घातली का, असं तिनं विचारलं तेव्हा मी हो म्हणालो. लाल अक्षरांची भानगड तिला कोण समजावत बसणार. मी एक गाणं खरंच टाकलं होतं, कचऱ्यात, हे तिला सांगितलं नाही.

त्या मोसमात पहिलं गाणं लोकांनी उचलून धरलं. मुलुंडला बायकोच्या लांबच्या बहिणीची हळद होती. हॉलमध्ये एसी, फुलांची कमान, डीजे. आम्ही जिलेबीची बशी घेऊन उभे होतो आणि त्यानं ते गाणं लावलं. गाण्याखाली ढोलाचा ठेका घातला होता. पोरी नाचत होत्या. आणि दोन माणसांएवढ्या उंच स्पीकरमधून माझ्या वडिलांचं नाव आलं, गावासकट, आणि मग ‘या’. गाणं संपायच्या आत डीजेनं दुसरं सुरू केलं.

मी दाराकडे बघितलं. बघायचं नव्हतं, पण मान वळली. दारात कुणीतरी म्हातारा कापडी पिशवी घेऊन आत यावं की नाही अशा विचारात उभा होता. तो मुलीकडचाच कुणीतरी निघाला, त्याला कुणीतरी हात धरून आत नेलं. ते नाव बायकोच्याही कानावर पडलं होतं. तिनं बशी माझ्या हातातून काढून घेतली.

“आत्ता बाबांचं नाव घेतलं ना रे?” ती म्हणाली.

त्यानंतर ते गाणं माझ्या पाठीच लागलं. अंधेरीत रिक्षात ऐकू आलं. बाजारात कोळणीच्या फोनची रिंग तीच. कुणा अनोळखी मुलीच्या मेंदीच्या रीलखाली तेच. प्रत्येक वेळी वडिलांना बोलावणं जात होतं, आणि बोलावलं म्हणजे हा माणूस जाणार. परक्यांच्या मांडवात कोपऱ्यातली खुर्ची पकडून बसणार. आणि ‘येवा’ म्हणेपर्यंत उठणार नाही. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पण वडिलांच्या स्वभावावर माझा पूर्ण विश्वास होता, म्हणून मला भीती वाटत होती.

भीतीचं आणखी एक कारण होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. वडील शेवटचे गावी निघाले तेव्हा मी गॅलरीत कानाला हेडफोन लावून कुठल्यातरी भजनी मंडळाचे ट्रॅक तपासत होतो. संध्याकाळी बायको म्हणाली, “अरे, बाबा दारात उभे होते. दोनदा ‘येतंय’ म्हणाले. तू वर पण नाही बघितलंस. मी म्हटलं ‘या’, पण ते तुझ्याकडेच बघत होते.” गावी पोचल्याचा फोन तिनंच घेतला. पंधरवड्यात ते गेले.

मी गोराईला गेलो. म्हातारीच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं, आवाज म्हणून काही उरलं नव्हतं, नुसता वारा. तिच्या समोर बसून मी कबूल केलं की शेवटचं गाणं मी काढलं होतं. दोन्हीत ‘या’ होता, मशीनला एकच वाटलं.

“मशिनीला काय ठाव,” ती कुजबुजली. “तुला त ठाव होतं.”

मग तिनं सावकाश समजावलं. मांडव सोडताना पितरांना ‘जा’ कसं म्हणायचं? घरच्या माणसाला कुणी जा म्हणतं का? म्हणून जातानाही ‘या’च म्हणायचं. पहिला ‘या’ म्हणताना तांदूळ आत टाकायचे, शेवटचा म्हणताना बाहेर. फरक आवाजात नाही, हातात आहे.

मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. नववं गाणं मी पुन्हा चढवलं, ते पुन्हा परत आलं. तक्रार केली तर फॉर्म आला: दोन ट्रॅकमधला फरक लिहा. मी लिहिलं की पहिल्यात ते येतात, दुसऱ्यात जातात. उत्तर आलं, शब्द तेच आहेत. मी लिहिलं, शब्द तेच असतात. आयुष्यात पहिल्यांदा मला एका फॉर्मवर डोकं आपटावंसं वाटलं. शेवटी आवृत्तीच्या रकान्यात ‘लाइव्ह’, ‘रिमिक्स’ सोडून मी ‘निरोप’ असं टाइप केलं आणि काय जादू झाली कोण जाणे, ते गेलं.

पण ते लावणार कोण? लोकांना बोलावण्याचं गाणं हवं असतं. पहिलं वाजतच राहिलं, नवव्याकडे कुणी फिरकलं नाही. म्हातारीला सांगितलं तर तिनं हात हलवला. “पाठवाचं घरच्यानंच म्हनाचं. लोकं कशाला म्हनतीन?”

मीही ते लावलं नाही. आठवड्यामागून आठवडे गेले. आधी म्हटलं वेळ नाही, मग म्हटलं बरं दिसत नाही. आणि मग एका दुपारी, मंडळाच्या आरत्यांचे फॉर्म भरता भरता, मला स्वच्छ कळलं की वडिलांनी जावं असं मलाच वाटत नाहीये. रिक्षात का होईना, अनोळखी लग्नात का होईना, त्यांचं नाव ऐकू येत होतं. ते कुठंतरी खुर्चीत बसून माझी वाट बघतायत हे मला बरं वाटत होतं. माणूस मेल्यावरही मी त्याला ताटकळत ठेवला होता.

मी हेडफोन काढून ठेवले. नववं गाणं साध्या स्पीकरवर लावलं. स्वयंपाकघरातून मूठभर तांदूळ आणले, दार उघडलं, जाळीचं दारही उघडलं. वडिलांचं नाव आलं, गाव आलं. मी तांदूळ बाहेर जिन्यावर टाकले आणि म्हणालो, “येवा, बाबा.”

आवाज बहुतेक मोठा झाला असावा. समोरच्या वहिनींनी दार उघडलं, जिन्यावरच्या तांदळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“कोण आलं होतं का?”

“हो,” मी म्हणालो. “येतो म्हणाले.”

त्यांनी मान डोलावून दार लावून घेतलं. मी आमचं जरा वेळ उघडंच ठेवलं.