बिअर नासली आणि आळ पिठावर आला

त्या रविवारी सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले तर हे स्वयंपाकघरात पातेलं धूत होते. लग्नाला दोन वर्षं होत आली होती आणि ह्यांनी आपणहून भांडं धुतलेलं मी एकदाही पाहिलं नव्हतं, म्हणून आधी मला बरंच वाटलं. मग ओट्याकडे लक्ष गेलं. इडलीच्या पिठाचं पातेलं तेच होतं. शेजारची विरजणाची वाटीसुद्धा धुऊन उपडी घातलेली.

"अहो, पीठ कुठाय?"

"टाकलं, संडासात. दहीपण टाकलं. ह्यापुढे घरात आंबवायचं काही ठेवायचं नाही. दही दुकानातनं आणू."

मी "बरं" म्हटलं. त्या "बरं"चा मला अजून राग येतो.

हे कशावरून झालं ते सांगते. आम्ही तेव्हा जर्मनीत नेकारसुल्मला राहत होतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, खाली तळघरात आमच्या वाटणीची जाळीची खोली. हे गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. कामावर पहिल्या आठवड्यात कोणीतरी ह्यांना विचारलं होतं, तुमची हॉबी काय. ह्यांना उत्तर देता आलं नाही, आणि ते ह्यांच्या मनाला फार लागलं. तिकडे प्रत्येकाला काहीतरी असतं. कोणी डोंगर चढतो, कोणी जुन्या मोटरसायकली खोलून बसतो. ह्यांच्या विभागातला एक जण घरी बिअर करायचा. त्याने ह्यांना एक शनिवार सगळं दाखवलं, आणि पुढच्या आठवड्यात आमच्याकडे झाकणाची मोठी बादली, थर्मामीटर, नळ्या आणि माल्टची गोणी आली. घरी बिअर करायची तर आधी कस्टम्सच्या कचेरीला पत्र पाठवून कळवावं लागायचं. तेही ह्यांनी पाठवलं आणि त्याची प्रत फाइलला लावली. त्याच फाइलमध्ये माझ्या राहण्याच्या परवान्याचे कागद होते. ह्यांच्या नोकरीवर माझा परवाना. आउसलेंडरबेहोर्डंमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, आमचा नंबर आला की मी ह्यांच्या मागे उभी राहायची आणि माझं नाव पुकारलं की आधी ह्यांच्याकडे बघायची.

मी नववीतून शाळा सोडली. आई अंथरुणाला खिळली आणि घरात चूल मलाच बघायला लागली, म्हणून. ह्यांच्या घरच्यांना इंजिनियर मुलगी हवी होती. ह्यांनी मला पाहिलं आणि सांगितलं, मला हीच करायची आहे, शिक्षणाचं मी बघेन. ते मी विसरलेले नाही. गावाकडून फोन आला की मावशी दर वेळी म्हणायची, "नशीब काढलंस गं, त्यांना दुखवू नकोस." मी दुखवत नव्हते. मी एवढं जपायची की घरात चालतानाही पावलं वाजू द्यायची नाही.

बिअर करणं म्हणजे अर्धा दिवस ओट्याशी उभं राहणं, आणि उभी मीच असायची. माल्ट म्हणजे सातूला मोड आणून वाळवून घेतलेले दाणे. ते भरडून गरम पाण्यात घालायचे आणि तासभर ठरावीक उष्णतेवर ठेवायचे. मग गाळायचं. त्या गोड पाण्यात हॉप्सच्या कडू हिरव्या गोळ्या घालून पुन्हा तासभर उकळायचं. झटपट गार करायचं, यीस्ट घालायचं आणि बादलीचं झाकण लावून ठेवून द्यायचं. हे पुस्तक हातात धरून सांगायचे आणि मी ढवळायची. ते मला आवडायला लागलं होतं हे कबूल करते. उकळताना घरभर जो वास सुटायचा तो भाजक्या धान्याचा होता, आणि त्या देशात मला ओळखीचे वास फार थोडे होते.

पहिली बिअर आंबली. नीट आंबट, वर पांढरी साय धरलेली. दुसरीही तशीच झाली. का झाली ते मला ठाऊक होतं. हे रोज कामावरून आले की बूट काढायच्या आधी बादलीचं झाकण उघडायचे, चमचा बुडवायचे, तोंडाला लावायचे, "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणून मान हलवायचे आणि तोच चमचा परत आत. उष्टा चमचा. आमच्याकडे लोणच्याच्या बरणीत कोणी ओला हात घातला तर आई अंथरुणातून ओरडायची. उष्टं तर लांबच, झाकणसुद्धा कामाशिवाय उघडायचं नाही. मी हे रोज बघत होते आणि गप्प होते. एवढा शिकलेला माणूस, पुस्तक वाचून करतोय, त्याला मी काय सांगायचं.

दुसऱ्या बिअरच्या वेळी ह्यांनी मित्रांना बोलावलं होतं. दोन जोडपी, सगळे इंजिनियर, सगळे आपल्याकडचे. घोट घेतला आणि सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. त्यातल्या पुण्याच्या भाऊजींची नजर ओट्यावरच्या पिठाकडे गेली.

"वहिनी, तुमच्या इडलीच्या पिठाने जर्मन यीस्टला पाणी पाजलं बघा."

त्यांच्या बायकोने लगेच दुजोरा दिला. "खरंच, एका घरात दोन आंबवणं कशाला? त्याचे जंतू ह्यात जाणारच की."

ह्यांना तर कारणच सापडलं. "तरी मी म्हणत होतो. आल्झो... म्हणजे, हिला काय सांगणार? जंतू दहावीच्या पुस्तकात येतात आणि ही नववीतच उठली."

सगळे हसले. मीही हसले. ताटं उचलताना हसत होते, घासताना हसत होते. ते लोक गेल्यावर गाल दुखत होते माझे.

दुसऱ्या दिवशी पीठ संडासात गेलं. विरजण मी त्या घरात आल्यापासून एकाही दिवसाचा खंड न पडता चालवलं होतं. आजच्या दह्यातला चमचाभर उद्याच्या दुधात. ते गेलं. पण मला खरं जाळत होतं ते दुसरंच. ह्यांच्या बोलण्यात एवढंच राहिलं होतं की घाण माझ्याकडून आली. मी अडाणी म्हणून आली. ते खोटं होतं आणि खोटं आहे हे मला माहीत होतं, पण ह्या घरात माझं माहीत असणं कुठे धरलं जातं?

पुढच्याच आठवड्यात हे चार दिवस ट्रेनिंगला इंगोलश्टाटला गेले. सोमवारी ह्यांना खिडकीतून हात केला आणि ओटा रिकामा केला. उरलेलं माल्ट होतं, हॉप्सच्या गोळ्या होत्या, यीस्टचं पाकीट होतं. थर्मामीटर वाचायला नववी पुरते. पातेलं गोधडीत गुंडाळून ऊब धरली, माझ्या पातळ पंच्यातून गाळलं, उकळलं, टबात गार पाणी भरून त्यात पातेलं निववलं. बादली, नळी, झाकण सगळ्यावर कढत पाणी ओतलं आणि पुसलं नाही, तसंच निथळू दिलं. यीस्ट घालून झाकण दाबलं. मग तांदूळ-उडीद वाटले, दुकानातल्या दह्याचं विरजण लावलं, आणि दोन्ही भांडी बादलीला चिकटून ठेवली. मुद्दाम.

मग भीती वाटली. नासली तर? तर माझ्याच हाताने मी स्वतःवरचा आळ खरा करून दाखवणार होते. नववीवरून कोणी काही बोललं तर पुढे तोंड उघडायला जागा राहणार नव्हती. चार दिवस मी त्या झाकणावरच्या नळीतले बुडबुडे मोजत बसले. नाक लावून बघायची, वास गोडसर होता, पण वासावर कितीसा भरवसा ठेवणार? मी तर बिअर पीतही नाही.

गुरुवारी संध्याकाळी हे आले आणि बॅग हातात तशीच धरून उभे राहिले.

"हे काय?"

"बिअर."

"कोणी केली?"

"घरात दुसरं कोण आहे?"

असं उत्तर मी ह्यांना कधी दिलं नव्हतं. ह्यांचा हात झाकणाकडे गेला. मी माझा हात त्यावर ठेवला.

"दहा दिवस उघडायचं नाही."

"अगं, बघितल्याशिवाय कळणार कसं?"

"बुडबुडे थांबले की कळेल."

"ही कुठली पद्धत?"

"लोणच्याची."

हे हसले. मग पिठाचं पातेलं दिसलं. "आणि हे इथेच?"

"इथेच. नासली तर तुम्ही जिंकलात."

ह्यांना ते आवडलं. खरंच आवडलं. पेन आणून चिकटपट्टीवर तारीख लिहिली आणि बादलीवर लावली, प्रयोगशाळेत लावतात तशी. त्यावर मी आणखी चिडले. ह्यांना त्यात गंमत होती. हरले तरी ह्यांचं काय जाणार होतं? माझी अब्रू त्या बादलीत होती.

दहा दिवस ह्यांनी झाकणाला हात लावला नाही, एवढं मात्र म्हणायला हवं. मग आम्ही बाटल्या भरल्या आणि तीन आठवडे तळघरात ठेवल्या. एक फोडून बघू म्हणाले, मी नाही म्हटलं. पहिली बाटली त्याच चौघांपुढे फुटायला हवी होती. फोन मी केले. दोन्ही घरांना, स्वतः.

शनिवारी दुपारी इडली-सांबार केलं. त्याच पिठाच्या इडल्या म्हणता येणार नाही, पण त्याच जागी आंबवलेल्या पिठाच्या. हे बाटल्या घेऊन आले, उघडल्या. फेस वर आला आणि टिकला. कोणाचं तोंड वाकडं झालं नाही. पुण्याच्या भाऊजींनी ग्लास संपवून पुढे केला.

"अरे, जमली की तुला. यीस्ट बदललंस का?"

हे काही बोलायच्या आत मी बोलले. वाक्य मी आठवडाभर पाठ केलं होतं. "मी केली. यीस्ट तेच. पीठ आणि दही बादलीला चिकटून ठेवलं होतं. आधीच्या दोन नासल्या कारण रोज उष्टा चमचा आत जात होता."

आणि हातातला सांबाराचा डाव पुढच्या ताटात वाढला. मग भाऊजी म्हणाले, "वहिनी, म्हणजे दहावी पास झालात."

पुन्हा हसले सगळे. मी नाही हसले. मी ह्यांच्याकडे बघत राहिले, ह्यांनी वर बघेपर्यंत.

"असेल," हे म्हणाले. ग्लास बोटांनी फिरवत. "चमच्यानेच असेल."

एवढंच. त्यावर भाऊजींच्या बायकोने कोणाच्या तरी नव्या गाडीचा विषय काढला आणि गाडी तिकडे गेली.

मी इडल्यांचा दुसरा घाणा बघायला आत आले आणि ओट्याला धरून उभी राहिले. डोळे भरून आले होते, आणि ते रागाने नाही, हे मला लगेच कळलं. उपकार वाटत होते मला. चूक ह्यांची, शिव्या मी खाल्ल्या, आणि चारचौघांत एक "असेल" म्हणाले म्हणून मी मनातल्या मनात ह्यांचे आभार मानत होते. दोन वर्षांत मला तेवढंच यायला लागलं होतं, आभार मानायला. पीठ टाकलं त्याचा राग केव्हाच ओसरला. ओट्याशी उभ्या असलेल्या त्या बाईचा राग मात्र मला आजही आवरत नाही. थोबाडीत द्यावीशी वाटते तिच्या.

बाहेरून ह्यांचा आवाज आला. "अगं, चटणी संपली."

"फ्रिजमध्ये आहे," मी म्हटलं. "घ्या."

ह्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज यायला जरा वेळ लागला.