दारातली सही

नोकरीची बहुतेक वर्षं मी दिल्लीतल्या एका सरकारी कचेरीत आरोग्याच्या फायली हाताळल्या. ताप, डास, गढूळ पाणी यांबद्दल लोकांची पत्रं यायची आणि आम्ही ती पुढे पाठवायचो. केंद्र म्हणायचं, आरोग्य हा राज्याचा विषय. राज्य महापालिकेकडे बोट दाखवायचं. आणि महापालिका लिहायची की नागरिकांनी दक्ष राहावं. अशी उत्तरं मी फार सुबक लिहीत असे, आणि त्याचा मला अभिमानही होता.

निवृत्तीनंतर मी आणि माझे यजमान दिल्लीतल्याच द्वारका भागात एका सोसायटीत राहतो. पावसाळा लागला की दर मंगळवारी महापालिकेची एक बाई डासांच्या अळ्या शोधायला येते. कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या, बादल्या बघायच्या, कार्डावर तारीख घालायची आणि घरातल्या कुणाची तरी सही घ्यायची, हे तिचं काम. ती कंत्राटावर आहे. दरवर्षी पुढचं कंत्राट मिळेल की नाही याचा तिला घोर असतो, हे तिनंच एकदा लिफ्टपाशी सांगितलं होतं.

मी तिला कधी आत घेत नसे. लादी नुकती पुसलेली असायची आणि तिच्या बुटांना चिखल असायचा. ती म्हणायची, "मॅडम, एक मिनट बाल्कनी देख लूँ?" मी म्हणायचे, "सब ठीक है, लाओ," आणि दारातच सही ठोकायचे. न बघता सही करायची हाताला सवयच लागली होती, खोटं कशाला बोलू.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. यमुनेत विसर्जन बंद झाल्यापासून शाडूची मूर्ती आम्ही बाल्कनीत बादलीतच विसर्जित करतो. नियम पाळते म्हणून शेजारणींना चार शब्द ऐकवायलाही मी कमी करत नाही. माती तळाशी बसली की वरचं पाणी कुंड्यांना घालायचं आणि माती वाळवून पुढच्या मूर्तीसाठी ठेवायची, ही आमच्या घरची पद्धत. यंदा ती बादली कपडे वाळत घालायच्या स्टँडमागे सरकवली आणि तिथेच राहिली. "अगं, ती बादली," ह्यांनी दोनदा आठवण करून दिली. "बघते," मी म्हटलं. माझ्या 'बघते'चा अर्थ ह्यांना चांगला ठाऊक होता.

तीन आठवडे उलटले आणि हे तापानं फणफणले. डेंग्यू निघाला. प्लेटलेट्स रोज उतरत होत्या, आणि मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून फोनवर ज्याला त्याला सांगत होते की महापालिका झोपा काढते. भीतीनं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पाचव्या दिवशी आकडा चढू लागला, आणि आणखी दोन दिवसांनी हे घरी आले.

दुसऱ्याच दिवशी ती बाई आणि तिचा सुपरवायझर आले. घरात रुग्ण निघाला की तपासणी होतेच. ह्या वेळी कुणी परवानगी मागितली नाही. स्टँडमागे बादली सापडली. माती तळाशी बसलेली, वर नितळ पाणी, आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. कुठला डास ह्यांना चावला ते कोण सांगणार? पण मला कुणी सांगायची गरज नव्हती. सुपरवायझर बादली मोरीत ओतायला निघाला, तेव्हा ती बाईच मध्ये पडली. "सर, गणपतीजी का पानी है. नाली में नहीं. मॅडम गमले में डाल देंगी."

मग सुपरवायझरनं तिचं कार्ड मागितलं. गणपतीनंतरचे तीन मंगळवार, तिन्हींपुढे 'लार्वा नहीं मिला', आणि शेजारी माझी ठसठशीत सही. "तीन हफ्ते यहाँ क्या देखा तूने? ऐसे में अगली बार कौन रखेगा तुझे?" ती माझ्याकडे बोट दाखवू शकली असती. ती कार्डाकडे बघत राहिली.

माझी आई सांगायची, तिच्या लहानपणी लस टोचणारा आला की बायका पोरांना कणगीत लपवत. ते ऐकून आम्ही हसायचो. लोकांच्या तब्येतीचं ओझं सरकारनं उचलावं म्हणून किती कागद झिजले, त्यातले काही माझ्याच हातचे. तेच सरकार चिखलाच्या बुटांनी जिने चढून माझ्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं, आणि मी पेन घेऊन वाट अडवली होती. मला माझीच भयंकर लाज वाटली.

मी कार्ड घेतलं आणि सह्यांखाली लिहिलं: तिन्ही वेळा मी हिला दारातून परत पाठवलं. हिनं बाल्कनी बघू द्या म्हटलं होतं. दोष माझा आहे.

"मॅडम, ऐसा लिखेंगी तो चालान आपके नाम कटेगा," सुपरवायझर म्हणाला.

"काटिए."

पुढचा आठवडाभर मला वाटत होतं, आता दुसरीच कुणी येईल. मंगळवारी बेल वाजली तेव्हा मी घाईनं दार उघडलं. तीच होती. सवयीनं तिनं उंबऱ्याबाहेरूनच कार्ड पुढे केलं.

"पहले अंदर आओ," मी म्हटलं. ती बूट काढायला वाकली, तशी मी तिला थांबवलं, आणि तिच्या मागोमाग बाल्कनीत गेले.